कास्ट फोडण्याआधी टाळू जपा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दंत महाविद्यालयांतील वरच्या जबड्याचे कास्ट टाकण्यापूर्वी स्कॅन करून ठेवणे व कवळीत नोंदणी क्रमांक घालणे.

महोदय,

दंत महाविद्यालयात कवळी किंवा तारा बसवायला आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या जबड्याचं माप, म्हणजे ठसा, घेतलं जातं, त्यावरून जबड्याचा प्लास्टरचा नमुना, म्हणजे कास्ट, बनतो आणि काम संपलं की जागा अडते म्हणून तो फेकला जातो. त्या कास्टवर पुढच्या दातांच्या मागे टाळूच्या वळ्या, म्हणजे उंचवट्याच्या रेषा, जशाच्या तशा उमटलेल्या असतात. माणसाची ओळख पटवायला त्या उपयोगी पडतात. पण जिवंतपणीची नोंदच उरली नसेल, तर शवागारातल्या टाळूचा ठसा जुळवायचा कशाशी?

१ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते. डीएनए अहवालाला दिवस लागणार, म्हणून बहुतेकांवर बुलढाण्यात एकत्रच अंत्यसंस्कार झाले. वळ्यांनी ते सारे ओळखता आले असते, असा आमचा दावा नाही. मात्र तुलनेसाठी हाताशी काहीच नसणं ही अडचण दूर करता येण्याजोगी आहे.

गर्भात साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास या वळ्या तयार होतात. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा-आठ वळ्या असतात आणि डावी-उजवी बाजू सारखी नसते. वाढीबरोबर लांबी बदलते, आकृतिबंध टिकतो. ओठ, गाल, जीभ आणि दात यांच्या आडोशाला असल्याने चेहरा भाजला तरी त्या बऱ्याचदा शाबूत राहतात. नोंदीची पद्धतही ठरलेली आहे. ५ मिमी किंवा त्याहून लांब वळी प्राथमिक, ३ ते ५ मिमी दुय्यम, २ ते ३ मिमी तुकडा, त्याखालची मोजायची नाही. मग आकार पाहायचा : सरळ, वक्र, नागमोडी, गोल, आणि दोन वळ्या कुठे मिळतात किंवा फुटतात.

ज्यांचे सगळे दात गेले आहेत त्यांच्या बाबतीत दातांच्या नोंदीचा उपयोग संपतो आणि टाळूचं मोल वाढतं. त्यांच्या घरी बहुधा जुनी कवळी असते, आणि वरच्या कवळीची आतली, टाळूला टेकणारी बाजू हा वळ्यांचा उलटा ठसाच असतो. इथे एक फसगत होते. काही कवळ्यांना जिभेकडच्या बाजूनेही वळ्या दिलेल्या असतात. त्या अनेकदा तयार मेणाच्या साच्यातल्या असतात, रुग्णाच्या नव्हेत. तपास आतल्या बाजूचाच करायचा. तंत्रज्ञाने दाब कमी करण्यासाठी तिथे फॉइल लावली असेल तर कडा बोथट येतात, रिलायनिंग, म्हणजे कवळीला आतून नवा थर देणं, झालं असेल तर ठसा त्या तारखेचा धरायचा. या ठशावरून कास्ट काढायला आत थेट प्लास्टर ओतलं तर काढताना कास्ट किंवा जुनी कवळी तुटू शकते. सिलिकॉन वापरावं.

मृतदेहाच्या बाजूने काम कसं व्हावं, हेही आपण काढाल त्या आदेशात स्पष्ट हवं. शवविच्छेदनाच्या वेळी जबडा ताठरलेला असतो. बळाने उघडताना भाजलेले, ठिसूळ दात निखळतात, म्हणून हलवण्याआधी त्यांवर सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा, थर द्यावा. टाळू ओल्या गॉजने पुसून आधी एल आकाराची मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, नंतर माप. टाळू घुमटासारखी असल्याने नुसत्या फोटोवर मोजमाप करू नये. आपल्याकडे मापासाठी सवयीने अल्जिनेट, ही पाण्यात कालवायची स्वस्त पूड, उचललं जातं. शीतपेटीतल्या थंड देहावर ते उशिरा घट्ट होतं आणि सुकलं की आक्रसतं, त्यामुळे १५ मिनिटांत त्यात स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओतावा लागतो. तालुक्याच्या शवागारात रात्री दोन वाजता हे कोण करणार? ॲडिशन सिलिकॉन महाग पडतं, पण माप काही दिवस टिकतं आणि प्रयोगशाळेपर्यंत पोचतं. जिथे दंतशल्यचिकित्सकाचं पद आहे, तिथे त्यांनाच बोलवावं.

मर्यादाही आम्हीच सांगतो, नाहीतर त्या न्यायालयात बचाव पक्षाचे वकील सांगतील. नुसता सांगाडा उरला असेल तर वळ्या नाहीत, कारण त्या मऊ ऊतींच्या आहेत. टाळू रुंद करणाऱ्या उपचारात, विशेषतः पहिल्या वळीची जागा सरकते. तिसऱ्या वळीची मधल्या रेषेजवळची टोकं त्या मानाने स्थिर असतात. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याआधीचा कास्ट जुळेलच असं नाही. वळ्यांवरून लिंग किंवा प्रदेश सांगण्याचे दावे एकमेकांशी पटत नाहीत, ते अहवालात येऊच नयेत. इंटरपोलच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही प्राथमिक साधनं आहेत. टाळू हा दातांच्या तुलनेला दिलेला आधार आहे, स्वतंत्र पुरावा नव्हे. दोन परीक्षकांनी एकमेकांचं न पाहता नोंद करावी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत टिकायचं तर एवढी शिस्त हवीच.

आमचं मागणं लहान आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कवळीचा प्राथमिक कास्ट आणि तारांच्या उपचाराआधीचा व नंतरचा कास्ट डेस्कटॉप स्कॅनरवर घ्यावा, मगच टाकावा. ज्यावर कवळी घडवतात तो मुख्य कास्ट कवळी काढताना बहुधा फुटतो, त्यामुळे पहिल्या मापावरून बनणाऱ्या प्राथमिक कास्टवर भर हवा. स्कॅनवर केस क्रमांक आणि तारीख असावी. रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि नोंद पोलिसांना सरसकट खुली न करता अकस्मात मृत्यूच्या नोंदीवरून लेखी मागणी आली तरच द्यावी.

दुसरं, प्रत्येक नव्या कवळीत क्रमांक घाला. कवळीचं ॲक्रिलिक (प्लास्टिक) भरताना मागच्या भागात स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी ठेवून वर पारदर्शक ॲक्रिलिकचा थर द्यायचा. कागदाची चिठ्ठी स्वस्त, पण आगीत जाते. पट्टीवर संस्थेचा संकेतांक व केस क्रमांक कोरावा. आधार क्रमांक मात्र कोरू नये. हरवलेली कवळी कुणाच्या हाती पडेल, काय सांगावं.

शासकीय महाविद्यालयांत याला नवी इमारत लागत नाही. लागतो तो स्कॅनर, साठवणुकीची जागा आणि विभागप्रमुखाच्या सहीचं एक परिपत्रक. ते काढण्याआधी आपण कोणत्याही प्रोस्थो (कवळी बनवणाऱ्या) विभागात जाऊन गेल्या वर्षीचा एखादा कास्ट मागून पाहावा.

आपले,
न्यायदंतशास्त्राचे काही अध्यापक व दंतवैद्य