एस.टी. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं छापू नका, असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ‘दादा’. तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. आभार चारचौघांतच मानायचे होते. दुकानात मानायला गेलं की तुम्ही “बाई, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय” म्हणून मोकळे होता.

मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतली फिरती विशेष शिक्षिका. आज वरच्या वाडीतली शाळा, उद्या खाडीपलीकडची. माझ्या मुलांत कुणाला डाऊन सिंड्रोम आहे, कुणाला अंधूक दिसतं, कुणी बोलायला चुणचुणीत पण पुस्तक उघडलं की गप्प. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमताही आली, हे बरंच झालं. पण वर्गात मुलाच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. माझ्या पिशवीत तेव्हा होते हातानं लिहिलेले तक्ते आणि एक विकतचा संच, गुळगुळीत, चकचकीत, त्यातली निम्मी चित्रं आमच्या पोरांनी कधी न पाहिलेली.

ते तक्ते ‘नीट टाईप करून द्या’ म्हणून मी तुमच्याकडं आले, तेव्हा तुम्ही साईज विचारली नाहीत, रंग विचारला नाहीत. “पोरं चुकतात कुठं?” हे विचारलंत. एवढा नेमका प्रश्न मला प्रशिक्षणांतही फारसा कुणी विचारलेला नाही.

मी म्हटलं, भ आणि म, ध आणि घ. तुम्ही संगणकावर दोन्ही जोड्या मोठ्या करून पाहिल्यात आणि म्हणालात, “भ नि ध ला वर शिरोरेघ तुटते, म नि घ ला सलग असते. फ्लेक्सवर अक्षर जाड केलं की ती फट बुजते, मग मोठ्या माणसालाही कळायचं नाही.” वाढदिवसाचे फलक छापता छापता तुम्हाला हे कळलं होतं! मग तुम्ही मुद्दाम बारीक वळणाचा फॉन्ट निवडलात, फट थोडी रुंद केलीत आणि फटीच्या जागी लाल ठिपका दिलात. मुलं आता बोट आधी ठिपक्यावर नेतात, मग अक्षर म्हणतात. पुढं आपण ठिपका फिकट करत नेला आणि शेवटच्या संचातून काढूनच टाकला.

ल ची गोष्टही तशीच. पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल, नि संगणकावरच्या मंगल फॉन्टमध्ये दंडाचा, म्हणजे उभ्या रेघेचा. शासनानं 2009 साली निर्णय काढून मराठीतले ल आणि श कसे लिहायचे ते ठरवून दिलं; संगणकापर्यंत ते सगळीकडं पोचलं नाही, एवढंच. सरावलेल्या वाचकाला दोन्ही चालतात. माझ्या एका विद्यार्थिनीला ती दोन निराळी अक्षरं वाटायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं, ती निराळीच दिसतात. तुम्ही श्रीलिपीतले जुने फॉन्ट धुंडाळून पाकळीचा ल आणि गाठीचा श काढलात. लग्नसराईत, तेही पत्रिकांची रांग लागलेली असताना.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पारदर्शक पट्ट्यांचा. पहिली वेलांटी हा आमचा जुना वैरी आहे. लिहिताना ती अक्षराच्या आधी येते, बोलताना नंतर. डावीकडून वाचणारं मूल ‘कि’ बघून ‘इक’ म्हणतं आणि घरचे समजतात की त्याचं लक्षच नाही. तुम्ही प्रोजेक्टरची म्हणून उरलेली पारदर्शक शीट काढलीत, त्यावर एकेक स्वरचिन्ह हिरव्या रंगात छापलंत आणि पट्ट्या कापून दिल्यात. आता आम्ही आधी क चं कार्ड ठेवतो. मूल ‘क’ म्हणतं. मग वेलांटीची पट्टी डावीकडून सरकवत त्यावर आणतो, मूल ‘कि’ म्हणतं. वेलांटी हातानंच नंतर येते, त्यामुळं आवाजाचा क्रम आपोआप सांभाळला जातो. चौथीतला एक मुलगा याच पट्ट्यांवर ‘किरण’, ‘विहीर’, ‘शिडी’ वाचू लागला. विहीर वाचल्यावर तो पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीवरून माझ्याशी वादही घालू लागला. असा वाद मी रोज ऐकायला तयार आहे.

डाऊन सिंड्रोमच्या मुलासाठी मात्र अक्षरांपासून सुरुवात केली नाही. अशा बऱ्याच मुलांना सुटे आवाज जोडण्यापेक्षा अख्खा शब्द डोळ्यांनी ओळखणं सोपं जातं. त्याच्याच घरचे फोटो तुम्ही छापलेत: आई, होडी, भात, बस. प्रत्येक शब्द फोटोसकट एकदा आणि फोटोशिवाय एकदा. आधी शब्दाला शब्द जुळवायचा, मग मी सांगेन ते कार्ड उचलायचं, शेवटी आपणहून म्हणायचं. ‘होडी’ कार्ड तो दप्तरात घालून घरी नेतो आणि परत आणायला विसरतो. त्याच्या आणखी प्रती लागतील.

आणि लॅमिनेशन. आपल्याकडच्या पावसात कागद आषाढातच ओला पापड होतो, पॉलिश पेपरची अक्षरं गोंद सोडतात, कार्डांना बुरशी येते. म्हणून मी चकचकीत लॅमिनेशन मागितलं. तुम्ही एक कार्ड दाराशी उजेडात धरून दाखवलंत: चकाकी अक्षरावरच पडत होती. अंधूक दिसणाऱ्या मुलीला त्यातलं काय दिसणार? मॅट घ्या म्हणालात, कोपरेही गोल कापून दिलेत. उरलेल्या काळ्या कार्डाला फट पाडून एका वेळी एकच ओळ दिसेल अशी वाचनखिडकी केलीत, ती तर आता आमच्याकडं नेहमीची मुलंही मागतात.

तुम्ही पैसे घेतलेत, हेही बरं केलंत. कागदाचे, शाईचे, लॅमिनेशनचे घेतलेत आणि डोकं चालवण्याचे सोडलेत. सगळंच फुकट दिलं असतंत तर दुसऱ्यांदा पायरी चढायला मला संकोच वाटला असता, आणि माझं काम तर दर आठवड्याला काहीतरी नवं मागतं. आमच्या केंद्रातल्या शाळांमधल्या दोन बाई परवा कार्डं बघून फाईल मागत होत्या. तुम्ही “पेनड्राईव्ह आणा, घेऊन जा” म्हणालात, म्हणून त्यांना तुमच्याकडं धाडलंय. एक जरा जास्त बोलतात, सांभाळून घ्या.

आता पुढचं काम. मुलं जोडाक्षरांपाशी आली आहेत आणि र नं छळ मांडलाय. चक्र मध्ये तो तिरकी रेघ होऊन पोटात शिरतो, सूर्य मध्ये डोक्यावर बसतो, ट्रक मध्ये खाली काकपद होतो आणि दऱ्या मध्ये आडवा होतो. चारही ठिकाणी र एकाच रंगात हवा, बाकी अक्षर काळं. पट्ट्या पारदर्शकच, पण थोड्या जाड शीटवर, पातळ असल्या की मुठीत चुरगळतात. लग्नसराई आटोपली की निरोप द्या, मी जून उजाडायच्या आत येऊन बसते. रंग तुम्हीच ठरवा, फक्त पिवळा नको, पांढऱ्यावर तो दिसत नाही.

तुमची,
कार्डवाल्या बाई