पार्किन्सनच्या गोळ्या तालुक्यात मिळू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बीपी-शुगरच्या गोळ्यांवर सगळेच बोलतात, पण पार्किन्सनच्या गोळ्यांचा विषय कुणी काढत नाही, कारण पेशंट एक तर घराबाहेर पडत नाही आणि पडला तर लोक म्हणतात म्हातारपणाचं थरथरणं आहे त्याला काय औषध. आमचे मामा म्हणजे माझे सासरे बरीच वर्षं ह्या गोळ्यांवर आहेत. शेतकरी माणूस. हा आजार बरा होऊन गोळ्या सुटत नाहीत, मेंदूत डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात आणि ते बाहेरून भरून काढावं लागतं, त्यात वर्षं जातील तसा डोस वाढतो, एका गोळीच्या दोन-तीन प्रकारच्या होतात. आता आमच्याकडं पैसा येतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर, अन् मेडिकलवाला मागतो दर महिन्याला.

मग घरोघरी काय चाललंय, तर महिना संपायला आला की तीन वेळची गोळी दोन वेळ द्यायची, "पट्टी आली की (मालाचे पैसे हातात पडले की) आणू" म्हणायचं. हे लई धोक्याचं आहे. ही गोळी एकदम कमी केली किंवा बंद केली तर अंग लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं, आणि मग वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट दवाखान्यात भरावे लागतात. दुसरी एक बचत म्हणजे खाजकुयलीच्या बियांची पावडर, कुणीतरी पाहुणा सांगतो आणि डबा येतो. त्या बियांत लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीतलंच औषध, खरंच असतं, म्हणून ते थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, पण एका चमच्यात किती गेलं ह्याचा काही मेळ नाही आणि वरून गोळी चालूच, मग उलट्या होतात, बीपी उतरून चक्कर येते, हातपाय आपोआप वळवळायला लागतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय ते नकोच.

खरे पैसे वाचतात ते चिठ्ठीत. लेवोडोपा-कार्बिडोपा ही पार्किन्सनची नेहमीची गोळी, हे काही नवं औषध नाही, कितीतरी वर्षांपासूनचं आहे, ते सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि यादीतल्या औषधाला एनपीपीए ही केंद्र सरकारची औषधांचे भाव ठरवणारी संस्था जास्तीत जास्त किंमत ठरवून देते (मोबाईलवर 'फार्मा सही दाम' ॲपवर बघता येतं). पण चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलेलं असलं की संपलं. आमच्या इथल्या एका मेडिकलवाल्याला मी म्हटलं दादा ह्याच्यातलीच दुसऱ्या कंपनीची स्वस्त द्या, तर तो म्हणाला चिठ्ठीत जे आहे तेच देणार, आणि राग आला तरी खरं सांगायचं तर कायद्याने तो बरोबर होता, चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड त्याला आपल्या मनाने देता येत नाही, औषध तेच असलं तरी. डॉक्टरांनी जेनेरिक नावच, म्हणजे कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव, लिहावं असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय मेडिकल कमिशनने काढला होता, त्याच महिन्यात तो स्थगित पण झाला. म्हणजे आता तोंड आपणच उघडायचं. डॉक्टरसाहेब, औषधाचं नाव आणि पॉवर लिहून द्या, एवढं म्हटलं की बहुतेक डॉक्टर देतात, आपणच बिचकतो. पॉवरचे दोन्ही आकडे (पहिला लेवोडोपाचा, दुसरा कार्बिडोपाचा) लिहून घ्या, १०० अधिक १०, १०० अधिक २५, २५० अधिक २५ अशा वेगवेगळ्या येतात आणि हळूहळू विरघळणारी सीआर गोळी आणखी वेगळी, ती साध्या गोळीच्या जागी चालत नाही आणि कुटून तर अजिबात द्यायची नाही. जनऔषधी दुकानात जायच्या आधी 'जनऔषधी सुगम' ॲपवर दुकान आणि औषध बघा आणि फोन करून विचारा, नाहीतर गाडीभाडं अंगावर पडतं. आणि एकदा स्वस्तातली गोळी मानवली की तीच धरून ठेवा, दर महिन्याला कंपनी बदलू नका.

गोळी वाया जाते ते कुणी मोजत नाही. मामांच्या बोटांना गोळ्यांचा पत्ता फोडायचं जमत नाही, गोळी उडून बाजेखाली जायची आणि सापडायची ती झाडताना. शिवाय मेडिकलमध्ये पत्ता कापून घेतला की नाव आणि एक्सपायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते, म्हणून मी अख्खाच पत्ता मागते. दुसरं असं की जेवणाबरोबर, दुधाबरोबर गोळी घेतली तर त्यातल्या प्रोटीनमुळे ती नीट लागू होत नाही, मग घरचे म्हणतात डोस वाढवा. जेवणाच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर दिली की त्याच गोळीत काम होतं. मळमळ होत असेल तर डॉक्टरला विचारून एखादं बिस्किट चालतं.

घरात कुणी टॅक्स भरत असेल तर त्यांनी १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी बघावं. पार्किन्सन त्यात आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणित असेल आणि मेंदूच्या तज्ज्ञाची चिठ्ठी असेल तर ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारावर खर्च केलेल्या १ लाखापर्यंतची वजावट मिळते, फक्त जुन्या करप्रणालीने रिटर्न भरणाऱ्यांना. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही हा आजार नावानिशी आहे, पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढावं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं करूनसुद्धा एक गोष्ट आमच्या हातात नाही. मेंदूचा डॉक्टर गाठायचा तर संभाजीनगर नाहीतर नांदेड, ते समजू शकते, पण ठरलेली महिन्याची गोळी आणायला गाव सोडावं लागू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट आहेत, तर मग मराठवाड्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात लेवोडोपा-कार्बिडोपा कायम असावं, ज्यांची चिठ्ठी आहे त्यांना एकदम दोन-तीन महिन्यांचं द्यावं, पेशंट किती आहेत त्याची नोंद तिथेच ठेवली की मागणी किती करायची तेही कळेल. आणि साहेब तुम्हाला एक विनंती, जिल्हावार जनऔषधी दुकानांची यादी पत्त्यासकट एकदा छापा, ॲप बघता न येणारे म्हातारे पेपर मात्र रोज वाचतात.

आपली,
एक वाचक, सेलू, जि. परभणी