रेषा तुटली होती तेव्हा

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी आपण फोनवर धड बोललोच नाही. बाबांचे अकरा मिस्ड कॉल बघून मी लगेच फोन लावला. आई, तो तू उचललास आणि पहिला प्रश्न नेहमीचाच, ‘साखर किती?’ मी म्हटलं, १३४. मग तू फोन बाबांकडे दिलास, आणि बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. बराच वेळ नुसता तुमचा श्वास ऐकू येत होता. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर मी ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळी होते. या वेळी नीट सांगायचंय. त्या सकाळी माझ्या ट्रायथलॉन शर्यतीत तुमच्या फोनवर, माझ्या साखरेच्या रेषेत, काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते सगळंच.

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, तसंच ओल्या अंगाने २० किलोमीटर सायकल, आणि सायकलवरून उतरल्याउतरल्या ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिकमध्ये असते ती याच्या बरोबर दुप्पट. नाव स्प्रिंट असलं तरी माझ्यासारखीला दोन तासांच्या आसपास लागतात.

माझ्या दंडावरचा सेन्सर फोनमार्फत माझी साखर तुमच्यापर्यंत पोहोचवतो, त्यावर सकाळी सव्वासहाला तुम्हाला १४८ दिसलं असेल. शर्यतीआधी मला १२६ ते १८०च्या मध्ये असायचं होतं, म्हणजे अगदी हवं तसं. मग अर्ध्या तासात २३१, आणि शेजारी वर जाणारा बाण. त्यानंतर काहीच नाही. बाबा, तुम्ही पहिला फोन केलात तो याच मिनिटाला, मी नंतर वेळ पाहिली. तुम्ही काय सांगितलं असतं तेही मला माहीत आहे. ‘दोन युनिट इन्सुलिन घे.’ मला टाइप १ मधुमेह झाल्यापासून, अठ्ठावीस वर्षं, आपल्या घरात वाढलेल्या आकड्याला हेच उत्तर आहे.

मी घेतली नाहीत. मुद्दाम.

शर्यत सुरू होण्याआधी छाती धडधडते, अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. हे सगळ्यांचंच होतं. इतरांचं स्वादुपिंड लगेच इन्सुलिन सोडून ती आवरतं, माझं आवरू शकत नाही, म्हणून माझा आकडा चढतो. पण तो खाण्याचा आकडा नसतो. एकदा हातपाय चालायला लागले की स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतात, आणि तेव्हा अंगात जास्तीचं इन्सुलिन असेल तर साखर घसरत नाही, कोसळते. मी कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं, तपासले. ०.१, म्हणजे नगण्य होते. इन्सुलिनचं पेन पिशवीत ठेवलं, चेन लावली आणि पाण्याकडे गेले.

एवढं धाडस कुठून आलं म्हणशील, आई, तर ते तुझ्या वह्यांमधून आलं. उभ्या-आडव्या रेघा मारलेल्या त्या वह्या. तारीख, वेळ, साखर, युनिट, काय खाल्लं, आणि शेवटच्या रकान्यात तुझ्या बारीक अक्षरात ‘खेळून आली’, ‘रडली’, ‘ताप’. यंदा मी तशीच एक वही घातली. चौदा सराव त्यात आहेत. सकाळी धडधड होऊन २२०च्या वर गेलेले नऊ दिवस आहेत, त्यातले आठ दिवस इंजेक्शन न घेता वीस मिनिटांच्या पोहण्यात साखर आपोआप खाली आली. ही वही घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले आणि आम्ही दोघांनी मिळून शर्यतीचं वेळापत्रक आखलं.

नववा दिवस तुम्हाला सांगितला नव्हता. चुकलंच माझं. दोन महिन्यांपूर्वी मोकळ्या पाण्यातला सराव होता. साखर २४० होती, मी घाबरून दोन युनिट घेतली, तीही मांडीत. नंतर मांडीचेच स्नायू चालणार, तिथलं इन्सुलिन भराभर रक्तात उतरणार, हे मला पाठ आहे, तरी त्या क्षणी आठवलं नाही. पाण्यात पंधराएक मिनिटांनी हातांची मोजणी चुकायला लागली. सोळानंतर किती, ते येईना. ओठांना मुंग्या आल्या आणि लक्षात आलं की मी बोयाकडे, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेकडे नाही, भलतीकडेच पोहतेय. मग उताणी झाले, हात वर केला, बाहीत खोचलेलं साखरेचं जेल दातांनी फोडून गिळलं आणि प्रशिक्षकांच्या कयाकला, त्या छोट्या होडीला, धरून राहिले. काठावर आले तेव्हा ५२ होती. दहा-पंधरा मिनिटांत चढली. शर्यतीतही असं कयाकला धरून थांबता येतं, फक्त त्याच्या जोरावर पुढे सरकायचं नाही, असा नियम आहे. हे वाचून तुमचे हात गार पडतील, मला कळतंय. पण ही गोष्ट लपवून बाकीची सांगितली तर तुम्ही माझ्या कुठल्याच आकड्यावर विश्वास का ठेवावा?

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे, तर बाबा, त्या चिठ्ठीबद्दलही लिहिते.

शाळेत पोहण्याचा तास सुरू झाला तेव्हा तुम्ही लिहून दिलं होतंत, ‘प्रकृतीच्या कारणास्तव मुलीस पोहण्यातून सूट मिळावी.’ डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं. शाळेला तर बरंच झालं, जबाबदारी टळली. दर आठवड्याला मी काठावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळत बसायची. क्लोरीनचा वास आला की अजून मला आधी त्या टॉवेलांचं ओझं आठवतं. मी तुमच्यावर फार वर्षं रागावलेली होते आणि ते कधी बोलले नाही.

पुढे कधीतरी वाचलं की गॅरी हॉल ज्युनिअर या अमेरिकन जलतरणपटूला १९९९ मध्ये माझाच आजार, टाइप १, झाला. पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळवलं आणि २००४ मध्ये अथेन्सला पुन्हा मिळवलं. ट्रायथलॉनही ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली ती त्याच सिडनीत. मी तेव्हा बारा वर्षांची होते, टॉवेल सांभाळत होते. हे आपल्याला कुणीच सांगितलं नाही, याचा राग मला आजही येतो. पण तुमच्यावरचा राग गेला. त्या काळी तुमच्याजवळ काय होतं? सुईने बोट टोचायचं, तो एक आकडा घ्यायचा आणि पुढच्या आकड्यापर्यंत अंधार. पाण्यात माझी साखर किती आहे हे जगात कुणीच सांगू शकत नव्हतं. मी तुमच्या जागी असते तर मीही ती चिठ्ठी लिहिली असती.

शिवाय इंजेक्शनला नाही म्हणून मी पलंगाखाली लपायची, तेव्हा टोरोंटोच्या लेनर्ड थॉम्प्सनची गोष्ट सांगणारेही तुम्हीच. चौदा वर्षांचा मुलगा, १९२२ चा जानेवारी, पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही, बारा दिवसांनी शुद्ध केलेलं दुसरं दिलं आणि साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, त्यावर ती थोडे दिवस जास्त जगायची. पलंगाखाली वाकून तुम्ही विचारायचात, ‘तो दुसऱ्यांदा हात पुढे करायला घाबरला असेल का गं?’ मग मी हात बाहेर काढायची.

तर, रेषा तुटली ती अशी. सेन्सर दंडावर आणि फोन काठावरच्या पिशवीत, आणि पाण्याखालून ब्लूटूथ पोहोचत नाही. एकवीस मिनिटं मी पोहत होते. पाणी गढूळ होतं, पहिल्या बोयापाशी कुणाचा तरी पाय नाकावर बसला, पण सोळानंतर सतरा येत होते. बाहेर आले, आधी हात टॉवेलने खडखडीत कोरडे केले, कारण ओल्या बोटाचा आकडा खोटा येतो. मग टोचलं. १८७. सेन्सर तेव्हा २१४ दाखवत होता. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि पाच-दहा मिनिटं मागे चालतो, म्हणून साखर पडत असताना मी बोटावरच विश्वास ठेवते. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही, तो लावला आणि निघाले. त्या एका थांब्यात सहा मिनिटं गेली. शेजारच्या मुली दीड-दोन मिनिटांत गेल्या. मला एकाही मिनिटाचं वाईट वाटलं नाही.

पुढेही फोन पिशवीतच होता. मी आयोजकांना आधी लिहून, परवानगी घेऊन सेन्सरचा आकडा दाखवणारा छोटा रिसीव्हर सायकलच्या हँडलला लावला होता. अर्ध्या वाटेवर १५२ आणि बाण खाली, तेव्हा एक जेल घेतलं. रिसीव्हर सोबत घेऊन धावायला लागले तेव्हा ११८. तिसऱ्या किलोमीटरला ९२ आणि बाण खालीच. तिथे मी धावणं थांबवलं. तीन ग्लुकोजच्या गोळ्या, म्हणजे १२ ग्रॅम, चघळल्या आणि बाण आडवा होईपर्यंत चालले. खूप जण पुढे गेले. मग परत धावले आणि १ तास ५६ मिनिटांत संपवलं. पिशवीजवळ पोहोचल्यावर फोनवरची तुटलेली रेषा आपोआप भरून आली. तुमच्याही आली असेल. ती परत उघडून बघा, आता प्रत्येक वळणाला मी कुठे होते ते तुम्हाला माहीत आहे.

आता मागणं. एवढ्या श्रमानंतर स्नायू रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत साखर ओढत राहतात, म्हणून रात्रीचं इन्सुलिन डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे २० टक्के कमी घेतलं होतं आणि तीनचा गजर लावला होता. उठले, ८१ होती, दोन गोळ्या खाल्ल्या. फोन ठेवणार तेवढ्यात आई, तुझा निरोप आला, ‘खाल्लंस ना काही?’ तीन वाजून चार मिनिटं झाली होती. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून तू तीनला उठतेस. आता तू अडुसष्ट वर्षांची आहेस, जिन्यावर गुडघा धरून थांबतेस, आणि बाबांना रक्तदाबासाठी झोप सांभाळायला सांगितलंय. माझी साखर ८५ च्या खाली गेली की तुमच्या दोघांच्या उशाशी घंटा वाजते, पण ती पंधरा मिनिटं आधी माझ्याकडे वाजलेली असते आणि मी उठलेली असते.

तर ती मर्यादा ५५ वर आणा. अ‍ॅपमध्ये माझ्या नावावर बोट ठेवा, ‘सूचना’ उघडा, तिथे बदलता येते. वाढलेल्या साखरेची घंटा बंदच करा. ५५ ला वाजली तर मात्र जरूर फोन करा, आणि मी उचलला नाही तर शेजारणीला, तिच्याकडे किल्ली आहे आणि ग्लुकागॉन, म्हणजे साखर चढवणारं तातडीचं औषध, कसं द्यायचं ते तिला शिकवलंय. मी हे इथून करू शकले असते, पण ते तुम्ही स्वतः करावं असं मला वाटतं. जमलं नाही तर मी येईन तेव्हा सोबत बसून करू.

पुढची शर्यत चार महिन्यांनी आहे. बाबा, येता का? पोहणं सुरू होतं तिथे काठावर उभं राहता येतं. टोप्या सगळ्यांच्या एकाच रंगाच्या असतात, पण मी फक्त डावीकडून श्वास घेते, त्यावरून ओळखाल.

तुमची,
ताई