छोटीचा फॉर्म एवढ्यात भरू नका

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार वगैरे आहेच. हे व्हॉट्सॲपवर पाठवतेय पण पत्र समजून वाचा. आई, तुला बारीक अक्षर दिसत नसेल तर बाबांकडून मोठ्याने वाचून घे, आणि बाबा, मधलं काही गाळू नका, मला कळतं. फोनवरच बोलले असते पण रविवारी काय झालं आठवतंय ना, माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत तुम्ही "त्या लाइनमध्ये राहून तू कडू झालीयेस" म्हणालात आणि फोन दादाकडे दिलात. म्हणून लिहायला बसले.

छोटी गाते, त्यात वादच नाही. मी तिची आत्या आहे म्हणून नाही म्हणत, दिवसभर कानाला हेडफोन लावून टीव्हीवर गाणाऱ्या पोरांचे व्हिडिओ कापते, म्हणजे एडिट करते, म्हणून म्हणतेय. सूर पक्का आहे, आणि चुकली तर तिचं तिला कळतं, हे जास्त महत्त्वाचं. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवरच्या गाण्याच्या शोच्या ऑडिशनचा फॉर्म, फोटो, आणि पिवळा का निळा फ्रॉक इथपर्यंत ठरवून टाकलंत, म्हणून थोडं मागचं काढते.

मार्च 2005. माझी बारावी चालू होती आणि इंडियन आयडलची फायनल. अभिजीत सावंत आणि अमित साना. मराठी पोरगा पहिल्याच सीझनला फायनलला, म्हणून बाबा तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कुणाला दोन ओळींचं पत्र लिहिलं नाही, तुम्ही एकेक अक्षर शोधत एसएमएस करत होतात, आणि नंतर बिल बघून कंपनीला शिव्या घातल्यात. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, तुमच्याच फोनवरून आईने अमित सानाला सहा एसएमएस केले होते. तिला त्याचं हसणं आवडायचं. मला शपथ घातली होती.

अभिजीत जिंकला तेव्हा आपण काय ओरडलो होतो! त्याच वर्षी त्याचा अल्बम आला, दादाने आणलेली कॅसेट पट्टी सैल होईपर्यंत वाजली. आणि मग 2007 ला दुसरा अल्बम आला तेव्हा आपल्यापैकी कुणी आणला? मलाही तो आला होता हे नोकरीला लागल्यावर कळलं. काही भांडण नाही, तो वाईट गायला असंही नाही, आपण नुसते पुढच्या सीझनकडे वळलो. तो गातच होता की. मधे सिनेमात दिसला, डान्सच्या शोमध्ये दिसला, आणि आपण म्हणायचो "काय झालं गं त्या पोराचं?" मग 2024 ला बिग बॉस मराठीत दिसला तेव्हा आई तूच मला रात्री साडेदहाला फोन केलास, "अगं हा आपला अभिजीत!" आपला! तिथेही दुसरा आला, रील्सवाला सूरज चव्हाण जिंकला. तू यावेळीही मत दिलंस म्हणे, ॲपवरून, फुकट.

आणि दुसऱ्या सीझनचा विजेता आठवतो का? संदीप आचार्य, बिकानेरचा, आई तुला तो फार गुणी वाटायचा. तो 2013 च्या डिसेंबरमध्ये काविळीने गेला गं, 29 वर्षांचा होता. आपल्या घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. ज्याच्यासाठी रात्री जेवणं थांबवायचो तो गेला आणि आपल्याला पत्ता नाही. यात आपलं पाप आहे असं नाही म्हणत मी, पण फॉर्म भरताना हे माहीत असावं.

आता माझ्या कामाचं सांगते. इतकी वर्षं "टीव्हीत आहे" एवढंच तुम्ही नातेवाइकांना सांगता. मी एव्ही कापते. एव्ही म्हणजे पोरगा गाण्याआधी त्याची दोन-अडीच मिनिटांची गोष्ट दाखवतात ना, घर, आई, गरिबी, स्वप्न, मागे बासरी, ते. गाणं दोन मिनिटांचं आणि गोष्टपण तेवढीच, आणि खरं सांगू, मत गोष्टीला पडतं. गाण्याचा आवाज मिक्समध्ये जाऊन घासूनपुसून सरळ होऊन येतो, त्यामुळे घरी बसून कोण खरंच सुरात होतं हे तुम्हाला पूर्ण कळत नाही. जजचे डोळे पुसायचे शॉट तर कुठले कुठे लागतात, गायला एक, रडले दुसऱ्याला.

एका सीझनला (कुठल्या चॅनलचा ते विचारू नका) एक मुलगा आला होता. मोबाइल रिपेअरच्या दुकानात कामाला, वडील टेम्पो चालवायचे. त्याचे रशेस माझ्याकडे आले, म्हणजे शूट केलेलं सगळं कच्चं. त्यात क्रिएटिव्हवाल्या मुलीचा आवाज ऐकू येतो, "काका, ह्याच्यापेक्षा जुना शर्ट नाहीये का?" त्या माणसाने बिचाऱ्याने टीव्हीवर यायचं म्हणून इस्त्रीचा घातला होता. तो आत जाऊन बदलून आला. मग आईने मोबाइलवर पोराचा फोटो बघायचा आणि पदराने डोळे पुसायचे, दोन टेक कोरडे गेले, तिसऱ्याला तिला खरंच रडू आलं आणि मी तोच घेतला. मग दुकानाचं शटर उघडायचा शॉट. ते शटर तीनदा अर्ध्यातच अडकलं, तिसऱ्यांदा पोरगा खालून रांगत आत गेला आणि त्याचे वडील इतके हसले, इतके हसले की भिंतीला टेकले. कॅमेरामनपण हसतोय, फ्रेम हलतेय. फार गोड होतं ते. मी कापलं. कारण वडील दुःखी असायला हवे होते, अँगल तसा ठरला होता.

तो जिंकला. थर्माकोलचा मोठा चेक, कागदाच्या चमक्या, सगळं. पहिलं वर्ष जोरात, गणपती, नवरात्र, कॉलेजची गॅदरिंग, एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या. पण कॉन्ट्रॅक्टमुळे बुकिंग एजन्सीमार्फतच, त्यात त्यांचा कट, दुसऱ्या चॅनलवर वर्षभर जायचं नाही. वडिलांचा टेम्पो विकला, फ्लॅट बुक केला, हप्ता सुरू. रोज तीन तास ओरडून गाणी म्हटली तर घसा बसणारच, तो बसला. स्वतःचं एक गाणं काढलं ते पाहुण्यांनीसुद्धा पूर्ण ऐकलं नसेल. तेवढ्यात पुढचा सीझन, पुढचा विजेता, आणि आयोजक काय म्हणणार, त्याच पैशात नवा चेहरा मिळतोय ना. एवढंच. कुणी काही कट केला नाही त्याच्याविरुद्ध. शोचा शेवटचा एपिसोड जिंकण्यावर संपतो, दुसऱ्या दिवसाचा एपिसोड नसतो, आणि माणसाला तर दुसऱ्या दिवशी उठावंच लागतं.

मागच्या वर्षी मैत्रिणीच्या भावाच्या लग्नात संगीतला तो आला होता. दोन डान्सच्या मधे, ट्रॅकवर तीन गाणी. स्वतःचं गाणं सुरू केलं तर समोरून कोणीतरी ओरडलं, ते रडवलेलं म्हण रे, टीव्हीवरचं! त्याने म्हटलं. चांगला गायला, आता खरंच चांगला गातो, तेव्हापेक्षा कितीतरी बरा. नंतर जेवणाच्या रांगेत मी जाऊन ओळख दिली, म्हटलं तुझी एव्ही मी कापलेली. मला वाटलं शिव्या देईल. तर म्हणतो, "ताई, त्यात शटरच्या वेळी बाबा हसलेले, ते मिळेल का हो?" सीझन संपला की हार्डडिस्क पुसून पुढच्या शोला वापरतात. ते मी त्याला सांगितलं. तो "बरं बरं" म्हणाला आणि ताट घेऊन पुढे गेला. वडील परत टेम्पो चालवतात, दुसऱ्याचा. दोघांचं फारसं बोलणं नाही असं मैत्रिणीकडून कळलं.

बाबा, तुम्ही म्हणाल सगळ्यांचं असं होत नाही. नाही होत. लिटल चॅम्प्सची आपली ती पाच पोरं बघा, 2009 ला कार्तिकी जिंकली, पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित पाचही जण गातायत, 2021 ला त्याच कार्यक्रमात ज्युरी म्हणून बसले. पण त्यांना शोच्या आधीपासून शिक्षण होतं आणि शोनंतरही ती शिकत राहिली. आणि अरिजित सिंग! 2005 च्या फेम गुरुकुल शोमध्ये तो फायनलच्या आधीच बाहेर पडला, जिंकले काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी. काझीच्या गाण्याला जज नावं ठेवायचे आणि पब्लिक त्याला वाचवायचं. अरिजित मात्र संगीतकारांकडे प्रोग्रॅमिंग करत, प्रीतमचा असिस्टंट म्हणून राबत बसला आणि 2013 ला लोकांना माहीत झाला. मधली आठ वर्षं त्याला कुणी "काय झालं रे तुझं" विचारलं नाही कारण कुणी ओळखतच नव्हतं. मला वाटतं त्याला ते फायद्याचंच पडलं. जिंकलेल्याला चुका करायला अशी अंधारी जागा मिळत नाही.

आणि आपण मिरजेचे ना हो? सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचे मी. दर्ग्यात उरुसाला चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे गायक-वादक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने हजेरी लावून जातात, तुम्हीच मला खांद्यावर बसवून नेलं होतंत. पहाटेपर्यंत बसलो होतो, मी तुमच्या डोक्यावर डोकं टेकून झोपले होते म्हणे. तिथून घरी येताना "आज कोण जिंकलं" असं तुम्ही आईला सांगितलेलं मला तरी आठवत नाही.

छोटी गेलीच तर नियम माहीत असू देत. मुलांना दिवसाला पाच तासांच्या वर आणि सलग तीन तासांच्या वर काम करून घेता येत नाही, आणि मिळणाऱ्या पैशातले किमान 20 टक्के तिच्या नावाने बँकेत फिक्सला टाकायला लागतात. 2017 पासून आहे हे. सेटवर मी रात्री अकराला पेंगणारी पोरंपण बघितलीयेत आणि त्यांच्या शेजारी बसून "झालंच आता, एकच शॉट" म्हणणारे आईबापपण. ते आईबाप वाईट नव्हते. तुमच्यासारखेच होते. म्हणून तर लिहितेय.

आता शेवटचं. काल मी छोटीला व्हिडिओ कॉल केला होता, तुम्ही दोघं देवळात गेला होतात. म्हटलं तुला जायचंय का गं टीव्हीवर? तर जरा वेळ नखं खाल्ली आणि मग विचारते, "आत्या, तिथे रडावं लागतं का?" मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. उत्तर अजून दिलेलं नाही. रविवारी फोन करेन तेव्हा तुम्ही तिला काय सांगितलंत ते मला सांगा, आणि दिवाळीला मी येईपर्यंत फॉर्म कपाटातच राहू दे.

बाबा, बीपीची गोळी रात्रीची नाही, सकाळची आहे.

तुमची,
बबी

ता. क. आईला हे पाठवायच्या आधी विचारून घेतलं. सहा नाही, नऊ एसएमएस होते.