दफेदार म्हणजे आडनाव नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या पुरवणीत ‘निजामाचं इंग्रजी तालमीतलं घोडदळ १९४८ ला कायमचं संपलं’ असं एक वाक्य होतं, तेवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र. बाकी पुरवणी चांगली होती, आईनं तर दोनदा वाचून घेतली माझ्याकडून.

आधी घरातलं सांगतो. माझा पुतण्या रणगाड्यावर आहे. त्याच्या लग्नात पत्रिकेवर नावाच्या आधी दफेदार छापलं तर निम्म्या पाहुण्यांना वाटलं ह्यांनी आडनाव बदललं का काय, आणि एका मामानं भर मांडवात विचारलं, एवढी नोकरी झाली तरी अजून हवालदार नाही झाला का रे? आता पायदळात जो हवालदार तोच रणगाड्याच्या रेजिमेंटमध्ये दफेदार, तिथं शिपाई नसतो सवार असतो आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात. घोडे जाऊन जमाना झाला पण रणगाड्यात बसणारं पोरगं अजून सवारच. रिसालदार, शिलेदार आडनावाची माणसं आपल्या ओळखीत असतात पण हे शब्द कुठून आले ते कुणी विचारत नाही.

तर मुद्दा असा की फौजा दोन होत्या. एक निजामाची स्वतःची, ती १९४८ पर्यंत होती. दुसरी हैदराबाद कंटिंजंट, तुमच्या वाक्यातलं इंग्रजी तालमीतलं घोडदळ ते हिचं, तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि पगार मात्र निजामाच्या खिशातून. तिच्या घोडदळाच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आपल्या अंबाजोगाईला. पगाराचे पैसे थकले म्हणून १८५३ च्या तहात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. धाराशिव न् रायचूर १८६० ला परत आले, वऱ्हाड काही आलं नाही. म्हणजे ह्या घोडेस्वारांच्या पगारापायी धाराशिव सात वर्षं गहाण पडलं होतं असं म्हणलं तरी चालेल.

ह्या घोडदळात शिलेदारी पद्धत होती. शिलेदारानं घोडा, खोगीर, तलवार स्वतःची आणायची, घोड्याचा चारापाणी पण त्याच पगारात. ज्याच्याकडं घोडा नाही तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणार, तो बारगीर. घोड्यासकट जी नोकरीची जागा तिला असामी म्हणायचे आणि ती विकत घेता यायची, विकता पण यायची. आजच्या रिक्षाच्या परमिटसारखंच बघा, मालक एक आणि चालवणारा दुसरा. पहिल्या महायुद्धात हे सगळं कोलमडलं, फ्रान्समध्ये घोडा मेला तर गावाकडून दुसरा कोण पाठवणार, मग युद्धानंतर ती पद्धतच बंद केली.

१८५७ चं तर लिहावं तेवढं कमी. मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेल्या पहिल्या रिसाल्यानं म्हणजे घोडदळाच्या तुकडीनं जूनमध्ये बंड केलं, आम्ही निजामाच्या हद्दीबाहेर दिल्लीच्या बादशहावर चालून जाणार नाही म्हणून. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि पकडलेल्यांना फाशी दिली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. आणि ह्याच कंटिंजंटचे बाकीचे स्वार पुढच्या वर्षी इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर झाशीवर गेले. दोन्ही गोष्टी आपल्याच, एक सांगायची आणि दुसरी लपवायची हे मला पटत नाही.

आता तुमचं वाक्य. कंटिंजंट १९०३ ला इंग्रजांच्या हिंदी फौजेत विलीन झाली, पण तिचे रिसाले नवीन नावानं चालूच राहिले, २० डेक्कन हॉर्स, २९ लान्सर्स आणि ३० लान्सर्स. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानापाशी डेक्कन हॉर्सनं भाले घेऊन मशिनगनच्या जमान्यात घोडे घातले. १९२१ च्या फेररचनेत २० आणि २९ मिळून आजची रणगाड्यांची रेजिमेंट ९ हॉर्स म्हणजे डेक्कन हॉर्स झाली आणि ३० लान्सर्स दुसऱ्या एका रेजिमेंटमध्ये मिसळून ८ कॅव्हलरी झाली. म्हणजे संपलं कुठं?

उलट मोठं काम पुढंच आहे. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावची लढाई. आपल्या फौजेनं शेतात पाणी सोडलं होतं, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात फसले आणि उभ्या उसात दबा धरून बसलेल्या आपल्या रणगाड्यांनी ते टिपले. (उसाचा असा उपयोग आपल्याकडच्या एकाही कारखान्याला सुचला नसता.) तिथं डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन रणगाडे होते, ८ कॅव्हलरी होती आणि ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन रणगाडे होते. ३ कॅव्हलरी कोण, तर १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे तुळजापुरात जी तुकडी शिरली तिच्यात ह्याच रेजिमेंटचं एक स्क्वाड्रन होतं! एकीकडं निजामाच्या पैशावर उभे राहिलेले रिसाले, दुसरीकडं निजामाच्या राजवटीवर चालून आलेली रेजिमेंट आणि १७ वर्षांनी सगळे एकाच उसात.

परमवीरचक्राचे तारापोर साहेब पण निजामाच्या स्वतःच्या फौजेतल्या हैदराबाद लान्सर्समधले, विलीनीकरणानंतर १९५१ ला भारतीय लष्कराच्या पुना हॉर्समध्ये आले आणि १६ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या चाविंड्याच्या लढाईत गेले. आपल्या मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशीच, पण त्या दिवशी इकडं कुणाला आठवण होत नाही.

अंबाजोगाईत येणाऱ्या माणसाला योगेश्वरी माहीत, मुकुंदराज माहीत, पण इथं छावणी होती आणि तिचे वारस आजही सीमेवर आहेत हे सांगणारी पाटी माझ्या तरी नजरेला पडली नाही. बसस्टँडवर एक साधी लावली तरी बास, फक्त तिच्यावर १८५७ चं बंड आणि झाशी दोन्ही लिहा.

आणि ते वाक्य तेवढं दुरुस्त करून छापा. पुतण्या सुट्टीवर आलाय, पुढच्या रविवारी निघतो, त्याच्यासोबत कात्रण द्यायचंय.

आपला एक जुना वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड