आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मैदानाची किल्ली कोणाकडे असते?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी फिरून घरी आले, बूट काढले, तर डाव्या पायाचा मोजा पुढून लाल झालेला. बुटात नखाएवढा खडा होता. त्यावर पाय देत मी ४० मिनिटं चालले आणि मला पत्ता नाही. १४ वर्षांच्या मधुमेहाने माझे तळपाय बधिर झालेत. आता जखम भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही. म्हणजे चालणं बंद, आणि साखर वर.

खडा रस्त्याच्या कडेचा. मी रस्त्याच्या कडेने का चालत होते, हे मात्र तुम्हाला विचारायचं आहे.

सात महिन्यांपूर्वी तुम्ही आमच्या मैदानावर फीत कापलीत. जुनाट आजार असलेल्यांना डॉक्टर चिठ्ठीवर गोळ्यांसोबत व्यायामही लिहून देतील, आठवड्यातून तीन सकाळी मैदान आमचं, सोबत प्रशिक्षक, असं म्हणालात. टाळ्या मीही वाजवल्या.

अकरा आठवडे खरंच चाललं. प्रशिक्षक मुलगी आधी सगळ्यांना बूट उलटे करून झटकायला लावायची. (तेव्हा मला तो पोरकटपणा वाटायचा.) मग बोटाला सुई टोचून साखर. "काकू, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये," हे तिचं वेगाचं माप. एकदा २१२ होती, चालून आल्यावर १६१. त्यात जादू नाही. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. माझी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (HbA1c ही तपासणी) ८.९ टक्क्यांवरून ७.६ वर आली. १४ वर्षांत गोळ्या वाढतच गेल्या होत्या. पहिल्यांदा एक कमी झाली. शेजारी चालणारे दम्याचे आजोबा आधी पाचव्या मिनिटाला बाकावर बसायचे, ते नंतर माझ्यापुढे निघून जायला लागले.

बाराव्या आठवड्यात फाटकाला कुलूप. मैदान स्पर्धांसाठी राखीव, आणि त्या मुलीचं कंत्राट संपलेलं. मी १७ फोन केले. तुमचं खातं म्हणतं, मैदान क्रीडा खात्याचं. क्रीडा खातं म्हणतं, रुग्ण हा आमचा विषय नाही. बरोबरच आहे. खेळाडू व्हायला मी आजारी पडायला नको होतं आणि रुग्ण म्हणून शोभायला चालायला नको होतं!

हे काही मी नवीन सांगत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे १९५३ साली छापून आलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आहार, व्यायाम आणि वजन घटवण्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१. तो अभ्यास मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा होता, माझ्यासारख्या आत गेलेल्यांचा नव्हे, हे मला कळतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला, तो जुनाट आजार असलेल्यांनाही. तुम्ही मला एकूण १,४८५ मिनिटं दिलीत. उरलेलं आयुष्य मी कुठे चालू?

माझ्या गोळ्यांवर जेवढा खर्च होतो, त्याच्या विसाव्या हिश्श्यातही तो वर्ग चालला असता. आकडा अंदाजाचा आहे. खोटा असेल तर खरा जाहीर करा. करणार नाही, कारण गोळीची निविदा निघते, चालण्याची निघत नाही. पाय कापायची वेळ आली तर शस्त्रक्रियेसाठी योजना, अर्ज, शिक्के सगळं तयार आहे. तो वाचवायचा असेल तर "व्यायाम करा" एवढं भिंतीवर रंगवून ठेवलंय. त्या भिंतीखालची फरशीही उखडलेली आहे.

मागणी मोठी नाही. सकाळचा एक तास मैदान उघडं ठेवा, त्या मुलीला परत बोलवा, आणि हे काम कुठल्या खात्याचं ते दोन्ही मंत्र्यांनी एकदा समोरासमोर बसून ठरवा. माझी ड्रेसिंग दर दोन दिवसांनी असते, त्यामुळे घरीच सापडेन. तोवर त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, एवढं तरी कळवा.

आपली,
फीत कापतानाच्या फोटोत मागे टाळ्या वाजवणारी एक रुग्ण