शनिवारचा खेळ: वेळ, पंखे आणि मोबाइल

सभासदांनी नोंद घ्यावी. शनिवारी संध्याकाळी ६ वाजता, कोथरूडच्या नेहमीच्या हॉलवर, रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘व्हॉट लाइज बिनीथ’ (२०००) हा चित्रपट. लांबी १३० मिनिटे, मध्यंतर नाही. घरात खरंच कुणी आहे की बायकोच्या मनाचे खेळ, हा संशय नवरा-बायकोच्या साध्या बोलण्यातून वाढत जातो. सुरुवात चुकली की पुढचे धागे लागत नाहीत, म्हणून सहानंतर दार बंद.

बाथटबच्या प्रसंगात पाण्याचा आवाज महत्त्वाचा, तेव्हा पंखे बंद ठेवू. उकडेल, पाण्याची बाटली चालेल, वेफर्स नकोत. प्रोजेक्टर ‘सिनेमा’ मोडवरच राहील. ‘डायनॅमिक’वर काळोख राखाडी पडतो आणि अंधारातले बारकावे जातात. मोबाइलच्या उजेडानेही तेच होतं. शेवट ठाऊक असलेल्यांनी कृपया गप्प बसावे.